त्रिकोणाचं तोंड कुणीकडे

अर्पिता मॅडमच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा एखादं विकासकाम मंजूर झालं ते शनिवारी, शाळा सुटल्यावर. तिला स्वतःला ते सोमवारी सकाळी कळलं.

शनिवारी तिनं काही मंजूर करायचं ठरवलं नव्हतं. तिला फक्त त्रिकोण शिकवायचा होता.

घाटंजीपासून आत तांड्यावर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. मास्तर दोन. त्यातले मुख्याध्यापक दिवाळीपासून मतदार याद्यांच्या कामावर होते आणि अधूनमधून शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'शुभ सकाळ' टाकून आपण हयात असल्याचं कळवत होते. त्यामुळे चारही वर्ग अर्पिताकडे. ती घाटंजीहून स्कूटीनं यायची, दोन खोल्यांत चार वर्ग बसवायची आणि संध्याकाळी घसा बसवून परत जायची.

मागच्या महिन्यात यवतमाळला तिचं प्रशिक्षण झालं होतं. विषय होता भौमितिक आकार, कृतीतून. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणाले, "मुलांनी आकार नुसता पाहून उपयोग नाही. मुलं आकारात शिरली पाहिजेत." शिक्षकांनी माना डोलावल्या आणि समोसे आल्यावर त्रिकोण आतून अनुभवला. प्रशिक्षणातलं मनावर घ्यायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. अर्पिताची नोकरी अजून तेवढी जुनी झाली नव्हती.

शिवाय तिची अडचण खरी होती. तिची पोरं त्रिकोण ओळखत, पण टोक वर असेल तरच. पुस्तक उलटं धरलं की त्याचा समोसा व्हायचा, आडवं धरलं की भोंगा. पहिलीतली सोनू तर म्हणाली होती, "मॅडम, हा पडला." पडलेला त्रिकोणही त्रिकोणच असतो, हे त्यांना पटवायचं तर त्यांना त्याच्याभोवती चालवलं पाहिजे, असं अर्पिताच्या मनानं घेतलं.

म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर तिनं कबड्डीच्या स्पर्धेतून उरलेलं चुन्याच्या फक्कीचं पोतं काढलं. खुंटी ठोकून तिला सुतळी बांधली आणि चुन्याचा मोठा गोल मारला. त्याच्या बाजूला चौकोन. मग त्याच सुतळीच्या मापानं तिन्ही बाजू सारख्या धरून त्रिकोण. शाळेला कंपाउंड नाही. मैदानात झेंड्याचा खांब, हातपंप आणि कडुलिंब यांनी आधीच आपापली जागा धरलेली. त्यामुळे त्रिकोणाचं एक टोक सरकत सरकत गेलं ते थेट हंसाबाईच्या बकऱ्यांच्या कोठ्याला टेकलं. हंसाबाई शाळेत खिचडी शिजवायची. त्या वेळी ती बाजाराला गेली होती. अर्पितानं हात झटकले, समाधानानं फोटो काढला आणि ती घरी गेली.

मध्ये रविवार होता. गडबड रविवारानं केली.

सोमवारी सकाळी तिनं स्कूटी उभी केली तेव्हा व्हरांड्याच्या खांबाला बकऱ्या बांधलेल्या होत्या. कापूस वेचायला जायची वेळ टळून गेली तरी बाया डोक्याला फडकी बांधून मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. रेषेवर कोणी पाय देत नव्हतं. आणि हंसाबाई, पन्नाशी उलटलेली, एका ड्रमावर चढून कोठ्याचं टिन काढत होती.

"हंसाबाई, हे काय?"

"टिनं काढून राह्यली."

"ते दिसतंय. पण कशाला?"

"जेसीबी काय खिळे काढून टिन काढते का, मॅडम? वाकवून टाकते. आपल्या हातानं काढलेलं बरं. दुसरीकडे ठोकता तरी येते."

"कुठला जेसीबी?"

हंसाबाईच्या तोंडात खिळे होते. तिनं हनुवटीनं जमिनीवरची पांढरी रेषा दाखवली.

अर्पिताला उलगडायला थोडा वेळ लागला, कारण ती घाटंजीत वाढलेली. तांड्यावर जमिनीवर चुन्याची रेषा दिसली की तिचा अर्थ एकच असतो : आखणी झाली. आधी फक्की पडते. मग साहेब येऊन फोटो काढतो. मग गिट्टी पडते. मग बरीच वर्षं काहीच पडत नाही. पण फक्की पडली त्या दिवशी ती जागा गेली ती गेलीच.

रविवारी सकाळीच लोकांनी सरपंचाला गाठलं होतं. उत्तमसिंग सरपंचाला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण 'मला माहीत नाही' असं म्हणून आजवर कोणी सरपंच राहिलेला नाही. तो नुसता हसला. लोकांनी त्या हसण्यात सगळं वाचलं. दुपारी त्याच्या गळ्यात हार पडला. हे कळल्यावर निवडणुकीत पडलेल्या गुलाबसिंगनं आपल्या किराणा दुकानात जाहीर केलं की, काम माह्याच प्रयत्नानं आलं, हा फक्त हार घालून राह्यला. संध्याकाळपर्यंत एकाच कामाला दोन बाप झाले आणि तांड्यात शंका घ्यायला कोणी उरलं नाही.

काम काय आहे, हेही लोकांनीच ठरवलं. चौकोन म्हणजे सभामंडप. गोल म्हणजे पाण्याची टाकी. त्रिकोणापाशी मात्र गाडी अडली. तीन बाजूंचं बांधकाम कोणी पाहिलं नव्हतं. शेवटी बाबुलालला बोलावलं. बाबुलालनं तरुणपणी रस्त्याच्या कामावर पाणी मारलेलं, त्यामुळे बांधकाम खात्याची बाजू तोच मांडायचा. त्यानं कमरेवर हात ठेवून त्रिकोण पाहिला आणि सांगितलं, "बाण हाये हा. रोडचं निशाण. ज्या तोंडानं बाण, त्या तोंडानं रोड."

बाणाचं तोंड हंसाबाईच्या कोठ्याकडे होतं. कोठ्यामागे तिची चूल, चुलीमागे झोपायची खोली, आणि त्यामागे काही नाही.

अर्पिताला हसू येणार होतं, ते ओठापर्यंत येऊन परत गेलं. कोठा थोडा शाळेच्या जागेत आहे, हे तिलाही माहीत होतं. एकेका बकरीमागे वीतभर पुढे येत येत तो आला होता आणि कोणी काही बोललं नव्हतं, कारण खिचडी चांगली व्हायची. म्हणूनच हंसाबाईनं फिर्याद केली नव्हती. तिला फार वर्षं ज्याची भीती होती ते आलं, एवढंच.

"घर गेलं तर कुठं जाल?"

"पोरगा पुण्याले हाये ना, बांधकामावर. सोनूले घेतो अन् जातो. तिथंही टिनाचंच हाये." मग तिनं आणखी एक खिळा काढला. "तिथं बकऱ्या नाई ठेवू देत म्हणते."

सोनू, तिची नात, बकरीच्या गळ्यात हात टाकून व्हरांड्यात बसली होती. शाळेचा गणवेश घातलेला. तिला बहुधा कोणी काही सांगितलं नव्हतं, किंवा सगळं सांगितलं होतं.

"हंसाबाई, खाली उतरा. ती फक्की मी टाकलीय. तो त्रिकोण आहे."

"हो ना. त्रिकोणच हाये. पुढं त्याचं काय बनन?"

"काही बनणार नाही. मुलांना शिकवायला काढलाय."

हंसाबाईनं वरून तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, दया होती. "मॅडम, तुमी नवीन हाय. तुमाले वरून सांगतलं असन का, कोणाले बोलू नका म्हणून. मी तुमाले दोष नाई देत."

"अहो, खरंच पोरांसाठी आहे."

"पोट्ट्यायसाठी कोणी एवढी फक्की टाकते का?" आजूबाजूच्या बायांनी माना हलवल्या. सरकारनं लहान मुलांसाठी एवढं मोठं काही केल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

सरपंच कडुलिंबाखाली शाळेच्याच खुर्चीवर बसला होता. कालचा हार त्यानं काढला होता, पण मान अजून हाराच्या अदबीनं धरली होती. अर्पिता त्याच्याकडे गेली. तिचं बोलणं ऐकून तो उठला आणि तिला हातपंपापाशी घेऊन गेला.

"फक्की तुमी टाकली?"

"हो."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही."

"असं कसं होईन? फक्की काय अशी मनानं पडते का?" त्यानं मागे पाहून आवाज खाली आणला. "पाहा मॅडम, झालं ते झालं. आता चार दिवस तुमी गप राहा. मी यवतमाळले जातो, साहेबाले भेटतो, काई ना काई पाह्यतो. सभामंडप नाई तर पाणपोई. लोकायसमोर मले खाली नका पाहू लावू."

"आणि हंसाबाईचं घर?"

"ते तर अतिक्रमण हाये. शाळेचीच जागा मोकळी होऊन राह्यली, तुमाले तर पाहिजे." मग तो अगदी सहज म्हणाला, "माहा साळा निघाला हाये घाटंजीवरून, बंटी. जेसीबी त्याचाच हाये. म्हटलं, लोकसहभागातून सुरुवात तर करून ठेवू. काकीनं टिनं काढली का झालं."

अर्पितानं घाईनं फोन काढला. घाटंजीहून तांडा काही लांब नव्हता. तिनं मुख्याध्यापकांना फोन लावला. त्यांनी तो कापला आणि 'मीटिंगमध्ये आहे' असा निरोप टाकला. केंद्रप्रमुखांना लावला. ते म्हणाले, "मॅडम, उपक्रम छान आहे. फोटो टाका."

खरं सांगून झालं होतं. खऱ्यावर कोणाचा विश्वास नव्हता. मग तिला जे एकच काम येत होतं ते तिनं केलं. घंटा वाजवली.

पोरं धावत आली. तिनं त्यांना मैदानाच्या कडेला रांगेत उभं केलं. एकदा धडा डोळ्यांनी पाहिला की लोकांना कळेल, असा तिचा हिशोब. तिनं चौकोनाकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे काय आहे?"

"सभामंडप," पोरं एका सुरात म्हणाली.

मागे बाया समाधानानं एकमेकींकडे पाहू लागल्या. पोरं हुशार निघाली होती.

"आणि हे?"

"टाकी."

"बरं. हे?"

"रोड," पोरं म्हणाली. एकट्या सोनूचा आवाज आला नाही.

बाबुलालनं हात उडवला. "लेकरायलेही समजते, मॅडम."

धडा असा वाया जाताना तिनं पुष्कळदा पाहिला होता, पण तेव्हा त्यानं कोणाचं घर जाणार नव्हतं. ती सुतळी घेऊन त्रिकोणात शिरली. "ठीक आहे. तीन जण या. सोनू, तू या टोकावर, तुझ्या कोठ्यापाशी. नयन, तू तिकडच्या टोकावर. वर्षा, तू या. तिघांनी सुतळी ताणून धरा."

तिघं तीन टोकांवर उभी राहिली. सुतळी चुन्याच्या रेषेवर बरोबर बसली. अर्पिताला एवढंच दाखवायचं होतं की हा आकार कुठूनही तोच आहे. प्रशिक्षणात सांगितलेली कृती होती : आकाराकडे पाठ करा आणि टोकासमोर काय दिसतं ते सांगा. तिनं ती, दुसरं काही सुचेना म्हणून, केली.

"आता पाठ फिरवा. बाहेर बघा. आपापल्या टोकाच्या समोर काय आहे? सोनू?"

"आमचा कोठा." आवाज अगदी लहान.

"वर्षा, तुझ्या टोकासमोर?"

"गुलाबसिंग काकाचं दुकान."

"नयन?"

नयन चौथीतला, नीट निरखून बोलणारा. त्यानं एक डोळा मिटला. "सरपंचाचं घर. नवीनवालं. टाइल्सचं."

मैदानात कोणीतरी खोकलं.

अर्पितानं हे योजलं नव्हतं. तिनं फक्त जागा पुरावी म्हणून त्रिकोण तसा फिरवला होता. पण नयनचं वाक्य हवेत लटकलेलं तिला दिसलं आणि शिक्षकी पेशाचं सगळं पुण्य एकत्र करून तिनं पुढचा प्रश्न, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, विचारला. "शाबास. आता बाजू मोजून सांगा, तीन टोकांतलं मोठं टोक कोणतं?"

पोरांनी सुतळी काढली, एका बाजूला लावली, दुसऱ्या बाजूला लावली. भांडली. परत लावली. नयननं निकाल दिला, "सारखेच हाये, मॅडम. तिन्ही."

"मग बाणाचं तोंड कुणीकडे?"

पोरं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघू लागली.

"बाबुलाल काका," अर्पिता म्हणाली, "तुम्ही रस्त्याच्या कामावर होता. या जरा, सांगा मुलांना. तोंड कुणीकडे आहे?"

बाबुलाल मान वाकडी करून आला. सोनूच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "हे काय, कोठ्याकडे." मग चालत वर्षाच्या मागे गेला, डोळे बारीक केले, आणि दुकानाकडे बघून डोकं खाजवलं. नयनच्या मागे तो वाकून उभा राहिला. तिथून बाण सरळ सरपंचाच्या नव्या घराच्या दारातून आत जात होता.

"तसं पाह्यलं," तो शेवटी म्हणाला, "तर तिन्हीकडे जाते."

"म्हणजे रोड तिन्हीकडून?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"निशाण तर तसंच म्हणते बावा. मी कायले खोटं बोलू."

गुलाबसिंग आपल्या दुकानाकडे पाहत होता. उत्तमसिंग आपल्या घराकडे पाहत नव्हता, पण न पाहण्याला त्याला फार कष्ट पडत होते. हार घालणाऱ्यांपैकी एक पोरगा गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "सरपंच, मंग तुमचा पोर्च आजच काढायचा का? जेसीबी येऊनच राह्यला तर."

सरपंचानं फोन काढला. "बंटी, कुठं हायेस? ... तिथंच थांब. ... नाई, काई नाई. चहा पी. अन् वापस जा."

मग तो त्रिकोणात आला. रेषा तुडवून आला, हे सगळ्यांनी पाहिलं. काल सकाळपासून त्या रेषेवर पाय देणारा तो पहिला मोठा माणूस. "ऐका बावा हो," तो म्हणाला. "हे शाळेचं काम हाये. पोरायच्या शिक्षणाचं. रोड कुठून आला यात? त्रिकोण हाये हा, त्रिकोण. मॅडमनं काढला. मीच मॅडमले म्हटलं होतं का, पोट्ट्यायले काई तरी नवीन शिकवा."

"मी तर कालपासून म्हणून राह्यलो," गुलाबसिंग म्हणाला, "का हे शाळेचं दिसते."

बाबुलाललाही तोवर नवीन मुद्दा सापडला होता. "रोडच्या बाणाले मागं दांडा असते. याले दांडा कुठं हाये? मी पहिलेच पाह्यलं असतं तर सांगतलं असतं."

"मंग टाकी?" एका बाईनं विचारलं.

"टाकीचा प्रस्ताव वेगळा हाये," सरपंच म्हणाला, आणि या वाक्यानं तो आपल्या नेहमीच्या जागी परत आला. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. सभामंडप कुठून आणायचा, या काळजीत त्याला रात्री झोप नव्हती, हे त्याच्या डोळ्यांवरून आता दिसत होतं. गुलाबसिंगचंही तेच. न आणलेलं काम न करण्याची मोकळीक दोघांना एकाच वेळी मिळाली होती. बायांनी वेचलेला कापूस ठेवायच्या ओट्या पाठीला बांधल्या. विकास टळला होता आणि कापूस अजून शेतात होता.

हंसाबाई ड्रमावरच होती. हातात टिन तसंच धरलेलं. ती ना उतरत होती ना काढत होती. अर्पिता तिच्यापाशी गेली.

"पक्कं?" हंसाबाईनं विचारलं.

"पक्कं."

"कोणी साहेब नाई येत?"

"मुख्याध्यापकसुद्धा येत नाहीत, हंसाबाई. साहेब कुठून येतो?"

यावर मात्र तिचा विश्वास बसला. तिनं मोठा श्वास सोडला, टिन हातातून खाली ठेवलं आणि ड्रमावरच बसली. मग तिचे ओठ थरथरायला लागले, आणि ते लपवायला ती रागावली. "मैदान एवढं मोठं पडलं, अन् तुमाले टोक ठेवाले माह्याच कोठ्याची जागा सापडली?"

"जागा पुरत नव्हती."

"मंग लहान काढायचा ना. लहान त्रिकोण त्रिकोण नसते का?"

"असतो," अर्पिता म्हणाली.

"दोन दिवस जेवली नाई मी. पोट्टीनंही नाई जेवलं. बकऱ्या विकायले निघाली होती मी." ती बोलत सुटली, आणि अर्पिता सगळं ऐकून घेत उभी राहिली. एवढ्या शिव्या तिला कधी इतक्या गोड लागल्या नव्हत्या. सोनू मागून आली आणि आजीच्या लुगड्याचा पदर ओढून म्हणाली, "दादी, बकऱ्या सोडू का?"

"सोड. अन् व्हरांडा झाडून घे, मॅडमची शाळा हाये ती."

टिनं परत ठोकायला सरपंच स्वतः आला. लोक बघत होते, म्हणून गुलाबसिंगही आला. एकानं एक टोक धरलं, दुसऱ्यानं दुसरं, आणि हंसाबाई खालून दोघांना सांगत होती : अजून वर, अजून, आता खाली, तुमाले एक टिन सरळ धरता नाई येत अन् टाकी आणता. दोघांनीही ऐकून घेतलं. कोठा पहिल्यापेक्षा वीतभर पुढेच बसला. त्या दिवशी ते कोणी मोजलं नाही.

खिचडी उशिरा झाली, पण तिखट झाली. दुपारी अर्पितानं पोरांना त्रिकोणाभोवती फिरवलं, उभं, आडवं, पाठ करून. कुठूनही विचारलं तरी पोरं आता 'त्रिकोण'च म्हणत होती, सोनू सगळ्यांत मोठ्यानं. काही जण सवयीनं 'त्रिकोण, रोड नाही' म्हणत. तेही तिनं बरोबर धरलं.

भांडी घासून झाल्यावर हंसाबाई हात पुसत वर्गाच्या दारात आली.

"मॅडम, आता किती आकार राह्यले?"

"एकच. आयत."

"तो कसा असते?"

"लांबट असतो. दारासारखा."

हंसाबाईनं वळून आपल्या घराच्या दाराकडे पाहिलं. मग मैदानाकडे. अंतराचा अंदाज घेतला.

"तो फळ्यावर शिकवा," ती म्हणाली, आणि बकऱ्या बांधायला गेली.